पाव नंबर जास्त: भरतीला निघालेल्या एका मुलाच्या डोळ्यांचे प्रकरण

लेसरने चष्मा काढला की फौजेत घेतात, हा समज आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात घट्ट बसलेला आहे. बारावीचा निकाल लागला की आई-वडील पोराला घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ऑपरेशनच्या खर्चाचा असतो. खर्चाच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: मुलाचे वय काय, आणि तो नेमक्या कुठल्या भरतीला उभा राहणार. या दोन प्रश्नांची उत्तरे न घेता लेसर केले तर काय होऊ शकते, आणि एका घरात ते थोडक्यात कसे टळले, ते इथे लिहितो.

मी डिचोलीत डोळ्यांचे नंबर काढतो. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणतात आम्हाला. गिऱ्हाईक 'डॉक्टर' म्हणते, मी ओ देतो, पण औषध लिहून देत नाही आणि शस्त्रक्रियेबद्दलचा शेवटचा शब्द माझा नसतो. मुलाचे नाव-गाव सांगत नाही.

मुलगा १९ वर्षे ४ महिन्यांचा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला नाव घातलेले, पण कॉलेजात पाय क्वचित. सकाळ-संध्याकाळ मैदानावर, एका निवृत्त हवालदारांच्या हाताखाली. वडील पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक बराच काळ अंगणात उभा होता, मग विकला. आता काजूचा हंगाम आणि बाकीचे वर्ष मिळेल ते ड्रायव्हिंग. अग्निवीर म्हणजे चार वर्षांची नोकरी आणि पुढे चारांतल्या फार तर एकालाच कायम करतात, हे या घरात सगळ्यांना माहीत होते. वडिलांचे म्हणणे एवढेच: "चार तर चार, डॉक्टर. घरात एक पगार येईल."

गोव्यातल्या मुलांची लष्करभरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे असते. हा मुलगा ऑनलाइन परीक्षा पास झाला. १.६ किलोमीटरची धाव साडेपाच मिनिटांच्या आत मारली, म्हणजे पूर्ण गुणांच्या गटात आला. खड्डा, बीम, पुल-अप्स सगळे नीट झाले आणि मेडिकलला उडाला. कागदावर कारण होते दृष्टी. जनरल ड्युटीच्या शिपायासाठी चष्म्याविना दोन्ही डोळ्यांनी ६/६ मागतात, म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून दिसते तेवढे सहा मीटरवरून दिसायला हवे; खालचा आकडा मोठा, तेवढी नजर कमी. याला दोन्हींनी तेवढे दिसले नाही. हा निर्णय मान्य नसेल तर लष्करी रुग्णालयात पुनर्तपासणी मागता येते. त्यासाठी मिळालेली मुदत अगदी थोड्या दिवसांची होती.

त्या थोड्या दिवसांत लेसर उरकायचे आणि मग पुनर्तपासणीला जायचे, असा घरचा बेत ठरला होता. एका लेसर केंद्रात जाऊन आले होते, तिथल्या तपासणीचा कागदही सोबत होता. त्यावर लिहिले होते, डोळा शस्त्रक्रियेस योग्य. पैसे सोसायटीतून उचलणार होते, कमी पडले तर आईच्या पाटल्या होत्या. माझ्याकडे आले ते फक्त चष्म्याची जुनी कार्डे घ्यायला, कारण केंद्राने मागचे नंबर मागितले होते.

कार्डे काढता काढता म्हटले, आलाच आहेस तर बस खुर्चीवर.

तक्ता लावला, उजवा डोळा झाकला. चष्मा काढून ठेवलेला. मुलाने क्षणभरही न थांबता आठवी ओळ म्हणून दाखवली: "डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी." ही ६/६ ची ओळ. मी वरची, तिसरी ओळ दाखवली, तेव्हा तो थबकला. मैदानावरच्या पोरांनी खालच्या दोन ओळी पाठ करून घेतल्या होत्या. वरच्या कोणी विचारेल असे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. मग मी तक्ताच बदलला, अक्षरांऐवजी 'ई' चे पाय कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचा. आता मुलगा पापण्या आवळून बघू लागला. पापण्यांची फट बारीक केली की प्रकाश थोडक्याच जागेतून आत जातो आणि एखाद-दुसरी ओळ जास्त वाचता येते. म्हणून लष्करी तपासणीत डॉक्टर समोर उभे राहून डोळे सहज उघडे ठेवायला लावतात. मीही तेच केले. डाव्या डोळ्याने ६/२४, उजव्याने ६/१८. वडील मागच्या बाकावर बसले होते. तिथूनही त्यांना तक्ता वाचता येत होता. ते एक शब्द बोलले नाहीत.

ट्रायल फ्रेम चढवली. "पहिली बरी की दुसरी?" करत भिंगे बदलत गेलो. उजवा उणे १.००, डावा उणे १.२५, आणि त्यांनी दोन्ही डोळे स्वच्छ ६/६. रंगांची पुस्तिका दाखवली, ठिपक्यांतले सगळे आकडे त्याने पटापट वाचले. याची मला आधीच धास्ती होती. रंग ओळखण्यात दोष निघाला तर त्यावर ना चष्मा, ना लेसर. आणि आमच्याकडे जहाजावर जायला निघालेल्या तारवटी मुलांतही हा दोष ऐन वेळी निघतो.

जुनी कार्डे या प्रकरणात सर्वांत बोलकी ठरली. सोळाव्या वर्षी दोन्ही डोळे उणे ०.५०. सतराव्या वर्षी ०.७५. गेल्या वर्षी १.०० आणि १.००. आता डावा १.२५. म्हणजे नंबर अजून चढतोच आहे. जवळच्या नजरेचा दोष, म्हणजे लांबचे अंधूक दिसणे, बहुतेकांत डोळ्याची लांबी वाढल्याने येतो आणि वीस-एकवीसच्या आसपास थांबतो, कधी त्याहून उशिरा. लेसर करायचे तर मागच्या वर्षभरात नंबर जवळपास स्थिर असावा, ही नेत्रतज्ज्ञांची साधी अट आहे. लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला, कॉर्नियाला, आकार देते; डोळ्याची लांबी त्याला कमी करता येत नाही. डोळा पुढे आणखी लांबला तर काढलेला नंबर थोडाफार परत येतो.

केंद्राचा कागद मी वाचला. त्यात खोट नव्हती. मुलगा अठराच्या वरचा, कॉर्नियाची जाडी ५१२ मायक्रॉन (अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त), पृष्ठभागाचा नकाशा सरळ. नेहमीच्या लेसिकमध्ये वरची साधारण १०० ते ११० मायक्रॉनची पापुद्र्यासारखी झडप उचलतात आणि खालचा भाग लेसरने घासतात; दर एका नंबरामागे ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन जातात. सव्वा नंबराला वीसेक मायक्रॉन. खाली भक्कम थर उरतो. एखाद्या ऑफिसात बसणाऱ्या पंचविशीच्या तरुणाला याच कागदावर मी म्हटले असते, खुशाल कर. लेसर केंद्राला विचारलेला प्रश्न होता की डोळा लेसर सोसेल का, आणि त्याचे उत्तर त्यांनी बरोबर दिले. फौज हा डोळा घेईल का, हे तिथे कोणी विचारलेच नव्हते.

तो प्रश्न विचारायला आम्ही दुकानातल्या संगणकावर जाहिराती उघडून बसलो. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हते.

पहिली वायुसेना, कारण मुलाला तीही परीक्षा द्यायची होती. अग्निवीरवायूच्या पहिल्या, २०२२ च्या जाहिरातीपासून अट अशी: प्रत्येक डोळ्याने चष्म्याविना किमान ६/१२, चष्म्याने ६/६, जवळच्या नजरेचा दोष फार तर एक नंबर, त्यात अर्ध्यापर्यंतचा सिलिंडर (आडव्या-उभ्या वक्रतेतल्या फरकाचा नंबर) धरून. म्हणजे चष्मा चालतो! वडील पुढे सरकून बसले. पण याचा डावा डोळा सव्वाचा, आणि चष्म्याविना ६/२४. पाव नंबर जास्त. "मग तेवढाच पाव काढू लेसरने," वडील म्हणाले. त्याच कलमाच्या खाली एका ओळीत लिहिले होते: कॉर्नियावरची शस्त्रक्रिया, पीआरके किंवा लेसिक, ग्राह्य नाही.

नौदलाच्या अग्निवीर एसएसआर, म्हणजे बारावी पास मुलांच्या भरतीच्या, २०२२ च्या जाहिरातीत चष्म्याविना चांगल्या डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९ मागितले होते. तिथे हा मुलगा कुठेच बसत नव्हता.

मग मी त्यांना एक गोष्ट दाखवली, जी त्यांच्या मैदानावर कोणी सांगितली नव्हती. बारावीनंतर अधिकारी होण्यासाठी यूपीएससी एनडीएची परीक्षा घेते. तिच्या सूचनेत लष्करासाठी डोळ्यांचा तक्ता आहे: चष्म्याविना दोन्ही डोळे ६/३६ पर्यंत चालतात, चष्म्याने ६/६ हवेत, दोष उणे २.५ पर्यंत. लेसिक चालत नाही. शिपायाला चष्मा नको आणि अधिकाऱ्याला चालतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. कारण सूचनेत लिहिलेले नसते. रायफल घेऊन पावसा-चिखलात पहिल्या फळीत धावणाऱ्याचा चष्मा फुटला किंवा धुक्याने भरला तर काय, हा विचार त्यामागे असावा असे माझे मत. गोव्याच्या जुलैत स्कूटरवर चष्मा घालून गेलेल्या कोणालाही ते पटेल.

मुलाने वयाची अट वाचली. साडेसोळा ते साडेएकोणीस, तीही प्रशिक्षण सुरू होण्याच्या तारखेला मोजायची. परीक्षा आणि प्रशिक्षण यांच्यात कित्येक महिने जातात, म्हणजे याच्यासाठी ती वाट बंद झाली होती. बारावीत असताना याचा नंबर पाऊण होता आणि परीक्षेचे केंद्र पणजीत. वडील म्हणाले, "आमकां कोणें सांगलेंच ना मरे." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शाळेत करिअरवर भाषणे होतात, त्यांत फौज म्हणजे धावणे आणि छाती फुगवणे. डोळ्यांचा हा तक्ता फळ्यावर लिहिलेला मी तरी कुठल्या शाळेत पाहिला नाही.

पुढचे पान पदवीनंतरच्या प्रवेशांचे. यूपीएससीच्याच सीडीएस परीक्षेतून इंडियन मिलिटरी अकॅडमी किंवा ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी), आणि एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांसाठी लेखी परीक्षेविना थेट मुलाखतीची वाट. इथे लष्करासाठी चष्म्याविना ६/६० पर्यंत, चष्म्याने ६/६, दोष उणे ३.५ पर्यंत. आणि इथे लेसिक चालते, पण अटींवर. शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी. तिला किमान बारा महिने उलटलेले असावेत. कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनहून कमी नको, डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरहून जास्त नको, उरलेला नंबर एकच्या आत, डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) निरोगी.

मुलगा स्वतःच म्हणाला, "म्हणजे आत्ता केलं तर हेही गेलं."

हो. एकोणीस वर्षे चार महिने. त्या आठवड्यात लेसर झाले असते तर आज जी वाट बंद आहे ती बंदच राहिली असती, आणि दोन वर्षांनी जी उघडायची तीही जन्मभरासाठी मिटली असती, कारण शस्त्रक्रियेची तारीख नंतर बदलता येत नाही. गंमत अशी की जिथे लेसर चालते तिथे याचा सव्वा नंबराचा चष्माही चालतो. साठ-सत्तर हजारांचे कर्ज आणि पाटल्या ज्या कामासाठी जाणार होत्या, ते काम एकही भरती मागत नव्हती. पदवीनंतर वायुसेनेत वैमानिक व्हायचे असेल तर गणित वेगळे असते, तिथे जवळच्या नजरेचा दोष मुळीच चालत नाही आणि विशीनंतरच्या लेसरला अर्थ येतो. पण त्यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, नाहीतर इंजिनिअरिंगची पदवी. हा मुलगा कॉमर्सचा.

तरी वडिलांचा एक हुकमी पत्ता बाकी होता. मैदानावर कोणीतरी सांगितले होते की लेसर केल्याचे सांगायचेच नाही, बाहेरून काही दिसत नाही. आरशात दिसत नाही हे खरे. पण नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पखाली, म्हणजे बारीक प्रकाशपट्टीच्या सूक्ष्मदर्शकातून, डोळा पाहतो, तेव्हा झडपेची गोल कड बारीक रेघेसारखी दिसते. नव्या पद्धतीत झडप नसते, फक्त दोन-चार मिलिमीटरची चीर. तीही तिथे सापडू शकते. आणि कॉर्नियाचा नकाशा काढला की मधला भाग सपाट झालेला रंगांतच उमटतो. अधिकाऱ्यांच्या नियमांत तर स्पष्ट आहे: शस्त्रक्रियेची तारीख आणि प्रकार सांगणारे रुग्णालयाचे प्रमाणपत्र नसेल, तर 'नोंद नसलेली दृष्टिसुधार शस्त्रक्रिया' असे कारण लिहून अपात्र ठरवायचे. म्हणजे लपवणे हेच अपात्रतेचे कारण. शिवाय यांचा बेत तर चार-आठ दिवसांतल्या पुनर्तपासणीचा. तोवर डोळ्यात थेंब चालू असतात, डोळा कोरडा पडलेला असतो, दिव्यांभोवती वलये दिसतात. लष्करी रुग्णालयातल्या कोणत्या डॉक्टरच्या ते नजरेतून सुटले असते?

लेसिकच्या झडपेबद्दल फौजी डॉक्टर का सावध असतात तेही मुलाला सांगितले, कारण तो विचारत होता आणि त्याला ते कळत होते. झडप पुन्हा जागेवर बसते, पण आजूबाजूच्या ऊतीसारखी एकजीव होत नाही. डोळ्यावर जोराचा मार बसला तर ती वर्षांनंतरही सरकू शकते. पीआरकेत झडप नसते, वरची पातळ त्वचा काढून लेसर करतात, दुखते जास्त आणि बरे व्हायला वेळ लागतो. २६ मिलिमीटरची अट वेगळ्या भीतीपोटी आहे: लांबलेल्या डोळ्यात मागचा पडदा ताणला जातो आणि तो फाटण्याचा धोका लेसरने चष्मा गेला म्हणून कमी होत नाही. हे ऐकून मुलाने विचारले, "मग रात्री घालून झोपायच्या लेन्स?" त्याही मैदानावर पोचल्या होत्या. त्या कडक लेन्स रात्रभर कॉर्निया दाबून ठेवतात, दिवसा काही काळ चष्म्याविना दिसते, वापर थांबवला की काही दिवसांत नंबर मूळ पदावर. नकाशात तेही दिसते. डोळ्यांचे व्यायाम आणि थेंबांच्या बाटल्यांबद्दल विचारू नका, मी त्या दिवशीही जास्त बोललो नाही.

पुनर्तपासणीला जायचे की नाही, हा प्रश्न उरला होता. मोजण्यात चूक असेल, कानात मळ असेल, सर्दीने काही बिघडले असेल तर पुनर्तपासणीचा उपयोग होतो. इथे नंबर खरा होता. तरी माझ्या खुर्चीवरचा आकडा अखेरचा धरू नये म्हणून त्यांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पाठवले. तरुण मुले तपासताना डोळ्यावर नकळत ताण देतात आणि नंबर प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो, कधी अर्ध्या नंबराने. बाहुली मोठी करणारे आणि हा ताण सोडवणारे थेंब घालून पुन्हा मोजले तर खरा आकडा कळतो. कुठे तरी माझ्याही मनात होते की डावा डोळा एकवर येईल, चष्म्याविनाची नजरही सुधारेल आणि वायुसेनेची वाट उघडेल.

आला नाही. थेंबांनंतर उजवा ०.७५ झाला, डावा १.२५ च राहिला. डोळ्याची लांबी २४ मिलिमीटरच्या आसपास, पडदा स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहिले की लेसर आत्ता नको, वर्षभराने नंबर पुन्हा पाहावा.

वडिलांनी हे सहज मान्य केले असे नाही. दोन दिवसांनी एकटेच आले. त्यांचे म्हणणे, अधिकाऱ्याची परीक्षा आमच्या पोराच्या आवाक्यातली नाही, शिपाई झाला असता. यात तथ्य आहे. मी डोळ्यांचा तक्ता वाचून दाखवू शकतो, पण सीडीएसचे इंग्रजी आणि पुढची पाच दिवसांची मुलाखत हे सत्तरीच्या गावातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला काय असते, ते मला माहीत आहे. 'ही वाट उघडी आहे' असे म्हणणे सोपे, आणि अशा सल्ल्याने एकाच्या जागी दोन वर्षे जाऊ शकतात. मी त्यांना एवढेच म्हटले की पदवी पूर्ण करायला लागणारा खर्च लेसरपेक्षा कमी आहे, आणि पदवी फौजेबाहेरही उपयोगी पडते. हवालदारांनीही तेच सांगितले, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. "काका, पोराचे पाय चांगले आहेत, डोक्याला थोडा वेळ द्या." त्यांनी मुलाला मैदानावरून काढले नाही, फक्त सकाळचीच वेळ दिली, दुपारी कॉलेज.

मुलाने पुनर्तपासणी मागितली नाही. कॉलेजच्या एनसीसीत नाव घातले. गोव्याची एनसीसी कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येते आणि 'सी' प्रमाणपत्राला साधारण तीन वर्षे लागतात, म्हणजे त्याला थोडा उशीरच झाला होता. कॉलेज बदलून पदव्युत्तर प्रवेश घेतला तर ते जुळू शकते, असे त्याच्या एनसीसी अधिकाऱ्यांनी सांगितले आहे. सीडीएसचा अर्ज तो पदवीच्या शेवटच्या वर्षी भरणार. सोसायटीचे कर्ज काढले नाही. घरात पगार मात्र अजून एकही येत नाही, आणि वडील भेटले की तेवढे बोलून दाखवतात.

अलीकडच्या तपासणीत उजवा डोळा १.००, डावा १.५०. लष्कराच्या पदवीनंतरच्या प्रवेशाच्या साडेतीनपासून तो खूप लांब आहे. लेसर केले असते तर हा वाढलेला पाव नंबर ऑपरेशनच्या वर आला असता, आणि शिपाईभरतीच्या मेडिकलला तो पुन्हा तिथेच अडकला असता.

त्या दिवशी वडिलांनी धाकट्या मुलीलाही आणले होते. ती दहावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, आणि मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, खडकवासल्याहून बाहेर पडली. हे तिला माझ्याआधी माहीत होते. तिचे दोन्ही डोळे उणे ०.५० निघाले. वडिलांनी विचारले, "हिला चष्मा चालतो ना?" लष्कराला चालतो, म्हटले. तिने ताबडतोब सांगितले की तिला लष्कर नको, नौदल हवे. नौदलाचे आकडे बरेच कडक असतात, आणि तिचा नंबर बारावीपर्यंत किती चढेल ते आज कोणी सांगू शकत नाही. तिच्या कार्डावर आजची तारीख घातली आणि सहा महिन्यांनी यायला सांगितले.